दुसरा पाय

देवाने अक्कल वाटली तेव्हा ब्लूम लेकची माणसं ग्रेटाच्या बारमध्ये सामना बघत बसली असावीत, असं वेंडेल क्रापेकचं फार जुनं मत होतं. तरी दर रविवारी चर्च सुटलं की तो याच माणसांत येऊन बसायचा. विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात जायला दुसरी जागा नव्हती, आणि ज्यांना तुच्छ लेखायचं ती माणसं समोर असलेली बरी पडतात.

वाद नेहमीचा असे. टीव्हीवरच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात कुणीतरी चेंडू झेलायचा, जमिनीवर आपटायचा, चेंडू निसटायचा आणि तो झेल झाला की नाही यावरून बारमध्ये दोन तट पडायचे. नियम असा, की चेंडू हातात पक्का हवा, दोन्ही पाय रेषेला न शिवता आत टेकायला हवेत आणि त्यानंतर झेलणाऱ्याने खेळाडूला शोभेल असं काहीतरी करायला हवं, निदान तेवढा वेळ तरी त्याला मिळायला हवा. हे 'काहीतरी' म्हणजे नक्की काय, यावर चीज कारखान्याचा मुकादम गस लिंडक्विस्ट पंचवीस वर्षं बोलत होता. हीच कसोटी गसच्या लग्नाला लावली तर निकाल काय लागेल, हा विचार वेंडेलच्या मनात येई. पण तो बोलून दाखवत नसे. फारच पेटलं की सगळे वेंडेलकडे वळत. पोस्टातली नोकरी सांभाळून त्याने शाळांच्या सामन्यांत वीस वर्षं पंचगिरी केली होती. तो ग्लास खाली ठेवून "झेल" किंवा "नाही" एवढंच म्हणे, आणि कोर्ट उठे.

एका झेलाबद्दल मात्र त्याला कुणी तोंडावर विचारत नसे. तो झेल भिंतीवर टांगलेला होता. एकतीस वर्षांपूर्वीच्या, शाळांच्या विभागीय अंतिम सामन्याचा वर्तमानपत्रातला फोटो: हवेतून उतरणारा ऑरिन शाउअर, छातीशी चेंडू, डावा पाय रेषेच्या आत आणि उजवा पाय नेमका दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्याआड. सामन्याचे शेवटचे सहा सेकंद. रेषेवरच्या पंचाने झेल नाकारला आणि ब्लूम लेक हरलं. तो पंच वेंडेल. तेव्हा तो शेजारच्या जिल्ह्यात राहायचा. दोन वर्षांनी एका लग्नात त्याला मार्लीस भेटली. ती त्याच ऑरिनची थोरली बहीण, हे कळेपर्यंत माघार घ्यायची वेळ निघून गेली होती. जावई होऊन तो याच गावात आला.

गावाने ऑरिनचा उजवा पाय एकतीस वर्षं उगाळला. कुणी भिंग घेऊन फोटोतल्या सावल्या मोजल्या, कुणी बुटाच्या मापावरून गणित मांडलं. ऑरिन रस्त्याने निघाला की "पाय आत ठेवून चाल रे" म्हणायची रीतच पडली होती. पन्नाशीच्या माणसाला, भर बाजारात.

आणि वेंडेलला ठाऊक होतं, की उजव्या पायाचा काडीचाही संबंध नव्हता. दोन पायांचा नियम रविवारच्या धंदेवाईक खेळाडूंचा. शाळेच्या खेळात एक पाय आत टेकला की झेल पुरा. शाळेचे सामने शुक्रवारी होत, पण त्या शुक्रवारी वेंडेलच्या डोक्यात रविवारचा नियम बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नियमांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. मग तो कुणीतरी येऊन कॉलर धरण्याची वाट बघत बसला. कुणी आलं नाही. ब्लूम लेकच्या प्रशिक्षकानेही मैदानावर "उजवा पाय आत होता" असाच टाहो फोडला होता. तो मुळात भूगोल शिकवायचा. एक अख्खं गाव चुकीच्या पायावर भांडतंय आणि चाळीस पानांचं पुस्तक एकालाही उघडवत नाही, हे बघता बघता वेंडेलची लाज हळूहळू तुच्छतेत मुरली. लाजेपेक्षा ती सोसायला सोपी होती.

त्या रविवारी गस विजयी मुद्रेने आला. शाळेच्या तळघरात जुन्या सामन्याची फिल्म सापडली होती आणि त्याने ती टीव्हीवर लागेल अशी करून आणली होती. मध्यंतराला त्याने ती लावली. ग्रेटाने चीजचे तळलेले तुकडे पुढे सरकवले, पण कुणी हात लावला नाही. फिल्ममध्ये कॅमेरा पलीकडच्या बाजूला होता, आड गुडघा नव्हता. ऑरिन उतरला. डावा पाय आत, स्वच्छ, गवत उडवत. उजवा बूट पांढऱ्या रेषेवर.

गसने फिल्म मागे नेत तो चार वेळा उतरवला.

"बाहेर," शेवटी तो म्हणाला. "वेंडेल, लेका, तू बरोबर होतास."

मग टाळ्या पडल्या, वेंडेलच्या पाठीवर थापा पडल्या. एकतीस वर्षं ज्यांनी मनात शिव्या दिल्या, ते डोळ्यांत पाणी आणून माफी मागू लागले. डावा पाय एवढा मोठा, पडदाभर दिसला, आणि एकाच्याही डोक्यात काही हललं नाही. ग्रेटाच्या बारचा रिवाज असा, की वाद हरेल त्याने सगळ्यांना एकेक ब्रँडी पाजायची. सगळ्या माना कोपऱ्यातल्या ऑरिनकडे वळल्या. ऑरिनने शांतपणे ग्रेटाला खूण केली.

वेंडेल उठून त्याच्याशेजारी जाऊन बसला. काय बोलायचं ते त्याने एकतीस वर्षं घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य जेमतेम बाहेर पडलं.

"ऑरिन, तुझा एकच पाय लागत होता."

"माहीत आहे," ऑरिन म्हणाला. "पोरांच्या संघाला शिकवायला लागलो तेव्हा वाचलं. सत्तावीस वर्षं झाली."

 पुस्तक उघडणारा गावात आपण एकटेच, या एका गोष्टीवर वेंडेलचा सगळा डोलारा उभा होता.

"मग बोलला का नाहीस?"

"पाय बाहेर पडलेला माणूस गावाला चालतो, गंमत करायला बरा. पण आपल्या पोरांना ज्याने नियम न वाचता हरवलं, त्याच्या बायकोला, माझ्या बहिणीला, चर्चमध्ये कुणी शेजारी बसू दिलं असतं? तुझ्यासाठी नाही गप्प बसलो. तू कसा आहेस ते मला दिसतंच. आम्हा सगळ्यांकडे बघतोस ना, ते."

वेंडेल उभा राहिला आणि त्याने ग्लासवर चमचा वाजवला. शाळेचा नियम एका पायाचा, निकाल मी चुकीचा दिला, ऑरिनचा झेल पुरा होता, हे त्याने पोस्टाच्या खिडकीतून सांगावं तसं, एकदाच, स्पष्ट सांगितलं.

 गसने पुढे येऊन त्याचा खांदा दाबला.

"बघा, याला म्हणतात मोठं मन," तो सगळ्यांना म्हणाला. "जिंकल्यावर मेहुण्यासाठी स्वतःवर घेतोय. बस, वेंडेल. आम्ही काय मूर्ख आहोत?"

वेंडेल म्हणाला, पुस्तक बघा. कुणीतरी म्हणालं, हल्लीचं पुस्तक वेगळं असेल, तेव्हा दोनच पाय लागायचे. दुसऱ्याने दुजोरा दिला, त्याला स्पष्ट आठवत होतं. तिसऱ्याने पंचाच्या सचोटीसाठी ग्लास उंचावला.

ग्रेटाने ऑरिनच्या नावावरची ब्रँडी वेंडेलसमोर आणून ठेवली. सगळे थांबले होते. मानकऱ्याने आधी प्यायची असते, ग्लास रिकामा झाला की निकाल पक्का. त्याने ग्लास ओठांना लावला. बारमधले बाकीचे फिल्मकडे वळले, गसने पाचव्यांदा पाय उतरवला होता. ऑरिन मात्र ग्लास तळापर्यंत रिकामा होतो की नाही, ते बघत राहिला.