बाईंच्या पायाखालची पायरी

मित्रांनो, पायरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जिना येईल. पण मी जिन्यातली नव्हे. मी एकटीच असते. उंचीने गुडघ्याच्या खाली, एका माणसाला दोन्ही पाय नीट टेकता येतील एवढी रुंद, आणि उचलून न्यायला एका अंगाला हात घालण्यापुरती खाच. अशी मी एक जुनी लाकडी पायरी आहे. माझ्यावर उभं राहून एका बाईंनी अर्ध्या देशाशी संवाद साधला. त्यांचीच ही हकिगत आहे. माझी म्हणाल तर त्यात ओघाने आली.

बाई मुळात गणित शिकवायच्या. नोकरी सोडून त्या एका लहानशा पक्षात शिरल्या आणि त्यांची पहिली सभा मंडईमागच्या मैदानात भरली. भाषणासाठी मांडलेलं उंच मेज त्यांच्या कपाळापर्यंत येत होतं. समोरून कुणीतरी ओरडलं, "आवाज येतोय, पण माणूस कुठंय?" सगळं मैदान खो खो हसलं. बाईंनी मेजाच्या बाजूने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "माणूस लहान आहे, म्हणणं मोठं आहे. ऐकून तर घ्या!"

त्या गर्दीत एक सुतार होता आणि सर्वांत जास्त तोच हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला काखेत मारून बाईंच्या दारात हजर झाला. शाळेची बाकं करताना उरलेल्या फळ्यांतून त्याने मला घडवलं होतं. तो म्हणाला, "बाई, मत कुणाला देईन ते सांगत नाही. पण तुमचं तोंड दिसायला हवं, एवढं खरं."

त्या सुताराचं ऋण मी कधीच विसरले नाही. भुशाचा वास होता त्याच्या हातांना.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सभा असली की दुकान बंद करून ते स्वतः गाडी चालवत, आणि मी मागच्या सीटवर. मैदानात पोचलो की ते मला मांडत, तळव्याने दाबून बघत, डुगडुगले तर खाली पुठ्ठ्याची घडी सरकवत. मगच म्हणत, "ये गं, चढ आता."

एकदा विरोधकांच्या सभेत कुणीतरी गरजलं, "या बाईंना त्यांची पायरी दाखवून द्या!" दुसऱ्या दिवशी बाईंनी मला दोन्ही हातांनी वर उचललं आणि लोकांना म्हणाल्या, "ही बघा माझी पायरी. मला रोजच दिसते!" लोक पोट धरून हसले. मात्र पायरी सोडून बाई कधी बोलल्या नाहीत. समोरच्याला शिवी नाही, टोमणा मारला तरी तोही साखरेत घोळवून. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पक्ष वाढला. बाई पक्षाच्या प्रमुख आणि संसदेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. मोठमोठी व्यासपीठं आली, आणि त्यांच्याबरोबर एक नवं मेज आलं. बटण दाबलं की ते आपोआप खाली-वर व्हायचं. साहजिकच माझी रवानगी पक्षाच्या कार्यालयामागच्या अडगळीच्या खोलीत झाली. माझ्यावर रंगाचे डबे चढले. त्यांचे गोल डाग अजून माझ्या पाठीवर आहेत. एका मांजरीने माझ्या पोटाखाली पिल्लं घातली, तेवढीच काय ती सोबत. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

मग देशाची निवडणूक आली. या वेळी सरकार आपलंच, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. निकालाच्या दिवशी सकाळपासून कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारपर्यंत आवाज विरत गेले. टीव्ही तेवढा बोलत राहिला. जागा वाढायचं तर सोडाच, मागच्या वेळी होत्या त्यातल्याही कितीतरी गेल्या होत्या.

अशा वेळी फुलांनी भरलेला टेंपो दारात आला. ड्रायव्हरला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने आत डोकावून विचारलं, "हार इथेच उतरवायचे ना?"

तेवढ्यात बाईंचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला, "उतरवा दादा, उतरवा. आज दोन्ही प्रकारचे हार आमच्याच गळ्यात!"

आणि रडकुंडीला आलेली माणसं हसली.

पत्रकार कार्यालयाच्या सभागृहात वाट बघत होते. विजयसभेचं व्यासपीठ तिकडे मैदानावर उतरवायला घेतलं होतं, बटणाचं मेजही त्यातच. सभागृहात उरलं होतं जुनं, उंच मेज. बाईंचे यजमान अडगळीच्या खोलीत आले. त्यांनी डबे बाजूला केले, खिशातल्या रुमालाने मला पुसलं आणि सभागृहाशेजारच्या खोलीत आणून ठेवलं. म्हणून तिथलं सगळं मी ऐकलं.

तिथे बाई होत्या. पक्षाचे सल्लागार वकीलसाहेब होते. आणि कोपऱ्यात बंदरभागातून पडलेला उमेदवार बसला होता. एवढा उंच, की सगळा पक्ष त्याला लंबू म्हणायचा. आज मात्र गुडघ्यात डोकं घालून तो एवढासा झाला होता.

वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, निवेदन तयार आहे. लोकांची दिशाभूल झाली, असं आधी म्हणायचं. मग बंदरभागात काम झालं नाही म्हणून लंबूला पक्षातून काढल्याचं जाहीर करायचं. चर्चा तिकडे वळेल. तुमच्या पदाला धक्का लागणार नाही."

बाईंनी लंबूकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, "याने चपला झिजेपर्यंत दारं वाजवली. मोठी व्यासपीठं हवीत, हे कुणी ठरवलं? मी. कुठे बोलायचं, काय बोलायचं? तेही मीच. वर्ग नापास झाला की एका पोराला बाहेर उभं करून भागतं होय?"

"मग पद जाईल, बाई."

"जाईना का."

वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. "मला तुम्हाला वाचवायचं होतं हो."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर ओरडत नाही तुमच्यावर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. जिंकलेल्या पक्षाच्या नेत्यांना त्यांनी स्वतः फोन लावला. "अभिनंदन, साहेब. देश नीट सांभाळा. आमचं लक्ष असणारच आहे."

पलीकडून हसून उत्तर आलं, "तीच तर धास्ती आहे, बाई!"

मग मला मेजामागे मांडलं. पण इतकी वर्षं ओलीत पडून माझा एक कोपरा कुजून खचला होता. बाई चढल्या आणि मी डुगडुगले. माझा जीव खालीवर झाला. आता या पडल्या तर? तेवढ्यात यजमान मेजाआड खाली बसले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कॅमेऱ्यांना ते दिसत नव्हते. भाषण संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

बाई बोलू लागल्या. आवाज स्वच्छ होता.

"आम्ही हरलो. कुणी फसवलं म्हणून नाही, आम्ही कमी पडलो म्हणून. ज्यांनी आम्हाला मत दिलं त्यांचे आभार. ज्यांनी नाही दिलं, तेही उन्हात रांगेत उभे होतेच, त्यांचेही आभार. आमची माणसं मतदान केंद्रांवर उपाशीपोटी बसून राहिली. त्यांच्यापुढे मी हात जोडते. जबाबदारी माझी आहे. माझं पद मी पक्षाच्या सभेपुढे ठेवणार आहे. त्याआधी एक काम राहिलंय. मत मागायला जिथे जिथे गेले, तिथे आभार मानायला जायचंय."

एका पत्रकाराने विचारलं, "हरल्यावर कसले आभार?"

बाई म्हणाल्या, "कुणाच्या घरून अर्धपोटी उठलो, तरी 'येते हं' म्हणूनच निघतो ना आपण?"

यजमानांनी माझ्या कोपऱ्याला नवी पाचर मारली आणि आम्ही निघालो. आता ना रोषणाई होती, ना कर्णे. पहिला मुक्काम बंदरात. लंबूही बरोबर होता. मच्छीबाजाराबाहेर चार माणसं जमली, मग चाळीसेक झाली. बाईंनी आभार मानले आणि त्या खाली उतरल्या. मला पुढे सरकवून म्हणाल्या, "माझं झालं. आता तुम्ही चढा."

कुणी पुढे येईना. शेवटी कामावरून परतणारी एक नर्स आली. माझ्यावर चढली आणि बाईंकडे बघून म्हणाली, "राग मानू नका, मी तुम्हाला मत दिलं नाही. तुमच्या सभेला प्रश्न विचारायला आले होते. तुमच्या लोकांनी कुंपणापासूनच परत पाठवलं."

बाईंचा चेहरा उतरला. "चूक झाली आमची. काय विचारायचं होतं, ताई?"

"रात्रपाळी संपली की आम्हाला घरी जायला बस नसते. अंधारातून चालत जातो. ती बस कधी सुरू होणार?"

"उत्तर आज माझ्यापाशी नाही," बाई म्हणाल्या, "पण प्रश्न आता माझा झाला. सांगितलंत, उपकार झाले."

लंबू मान खाली घालून ऐकत होता. दुसऱ्याच दिवसापासून तो त्या बसच्या मागे हात धुऊन लागला.

मित्रांनो, तोवर बाईंच्या पावलांखेरीज दुसरी पावलं मला माहीतच नव्हती. पुढच्या गावांत भेगाळलेल्या टाचा आल्या, गमबूट आले, एका म्हाताऱ्या पोस्टमनची काठी आली. कुणी भांडलं, कुणी रडलं, एका आजोबांनी तर आपल्या सुनेचीच तक्रार केली! मी सगळ्यांचं वजन पेललं.

पक्षाच्या सभेत बाईंनी पद सोडलं. पुष्कळांनी गळ घातली, त्या बधल्या नाहीत. सभासदांनी हात वर करून नवा नेता निवडला. तो कोण, ठाऊक आहे? लंबू! त्याच्यासाठी पहिला हात वर झाला तो वकीलसाहेबांचा.

बाई नव्या नेत्याला म्हणाल्या, "तुम्हाला पायरी लागायची नाही, लंबूभाऊ."

लंबू म्हणाला, "मला नकोच आहे. ही आता लोकांची."

पुढे सरकारने बंदरात रात्रीची बस सुरू केली. श्रेय सरकारने घेतलं. लंबू थोडा हिरमुसला. बाईंनी मात्र जिंकलेल्या साहेबांना फोन करून त्यांचे मनापासून आभार मानले. आता त्या घरी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवतात आणि जमेल तेव्हा बाजारात येऊन बसतात. कारण मी आता बाजाराच्या चौकात असते. दर आठवड्याला लंबू मला मांडतो आणि स्वतः खाली उभा राहून ऐकतो. परवा सरकार पक्षाचा एक कट्टर माणूस चढला आणि लंबूला मनसोक्त झापून गेला. उतरताना म्हणाला, "ऐकून घेतलंत, बरं वाटलं."

मला याहून काय हवं? सुताराने घडवलं, यजमानांनी सावरलं, बाईंनी मान दिला, आणि म्हातारपणी एवढ्या माणसांचा सहवास मिळाला. रंगाच्या डब्यांचाही आता राग नाही.

तुमच्या वर्गातही निवडणूक होत असेल. कधी तुम्ही हराल. तोंड फुगवून बसू नका. ज्यांनी हात वर केला त्यांच्याकडे जा, ज्यांनी नाही केला त्यांच्याकडेही जा. आणि या बाजूला आलात तर खुशाल माझ्यावर चढा, मनातलं बोला. चपला काढायची गरज नाही. फक्त उतरल्यावर मला जरा सावलीत सरकवा. उन्हाने फळ्या तडकतात, आणि अजून पुष्कळ जणांचं बोलायचं राहिलंय.