सगळ्यांचे श्वास अठरा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला तिला सगळे 'शंका' म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. झालं असं, की पहिल्याच आठवड्यात ट्यूटर मॅडम हाडं घोकून घेत असताना तिने हात वर केला. "मॅडम, माणसाची हाडं दोनशे सहा, मग आपल्या सांगाड्यात एकशे एकोणऐंशीच कशी?"

सांगाड्याला डावा पंजाच नव्हता. तिच्याआधी कुणी मोजायला गेलं नव्हतं, एवढंच. मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत दोनशे सहाच लिहायची."

पण मॅडम शिकवायच्या मनापासून. "श्वास मोजतोय हे रोग्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. मनगट धरून ठेवायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि नजर छातीवर. छाती वर आली, खाली गेली, की एक. पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही." शंकाने हे वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग वॉर्ड मिळाला. पुरुषांचा, हाडांचा, तीस खाटांचा. तक्त्यांवर ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी. श्वास मात्र सगळ्यांचे अठरा. ऐंशीचा म्हातारा अठरा, विशीतला पैलवान अठरा. सात नंबरचा माणूस आदल्या दिवशीच घरी गेला होता, पण रिकाम्या खाटेवर त्याचेही अठरा चालूच होते.

"सिस्टर, सगळ्यांचे अठराच कसे?"

इन्चार्ज सिस्टरची हयात वॉर्डात गेली होती. त्यांनी मान वर न करता समजावलं, "नॉर्मल बारा ते वीस. बारा लिहिले की रोगी मरायला टेकल्यासारखा वाटतो. वीस लिहिले की डॉक्टर भुवई चढवतात. अठरा कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तीस माणसं, एकेक मिनिट, दिवसातून चार वेळा. आम्ही दोघी. सांग, कधी मोजू?"

 शंका आपल्या वाट्याच्या सहा खाटांचे श्वास मोजत राहिली. बाकीच्या मुली म्हणायच्या, हिला सोन्याचं पदक मिळणार बहुतेक.

कॉलेजची मान्यता तपासायला समिती येणार, त्या दिवशी सकाळपासून नुसती धांदल. चादरी बदलल्या. भिंतीवर फुप्फुसांची चित्रं लागली. सांगाड्याला दुसऱ्या कॉलेजातून उसना पंजा आणून तारेने बांधला. तोही उजवाच निघाला. वॉर्डातली सगळी चांगली उपकरणं, बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणाऱ्या चिमट्यासकट, प्रदर्शनाच्या टेबलावर गेली.

शंकाने चौदा नंबरच्या शिंपीकाकांचं मनगट धरलं. पाय मोडून, प्लॅस्टर घालून त्यांना आठ दिवस झाले होते. रोज ते विचारायचे, "आज काय शिवायचंय, सदरा की कोट?" आज म्हणाले, "आज काय..." थांबले. "शिवायचंय..." पुन्हा थांबले. "पोरी?"

बत्तीस. नाडी एकशे अठरा. तिने पुन्हा मोजलं. बत्तीसच.

ती धावत सिस्टरकडे गेली. सिस्टर फायलींना लेबलं चिकटवत होत्या. "गडबड बघून घाबरला असेल गं तो. आणि डॉक्टर समितीबरोबर आहेत, त्यांना मधूनच कसं उठवू? अर्ध्या तासाने बघू. तोवर अठरा लिही, तक्ते फायलीला लावायचेत."

"पण बत्तीस आहेत, सिस्टर."

"तुझी ड्यूटी सांगाड्यापाशी आहे. पळ." सिस्टरनी तक्ता तिच्या हातातून घेतला आणि अठरा स्वतःच लिहून टाकले.

प्रदर्शनाच्या खोलीत समिती आली. पुढे अध्यक्ष, मागे प्राचार्यबाई आणि वॉर्डचे डॉक्टर. अध्यक्षांनी सांगाड्याचे दोन्ही उजवे हात कौतुकाने पाहिले आणि शंकाला विचारलं, "श्वासाचा नॉर्मल दर किती?"

"मिनिटाला बारा ते वीस."

"शाब्बास! आणि त्याहून फार जास्त भरला, तर नर्सने काय करायचं?"

"ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं."

"शाब्बास!"

  शंका वॉर्डच्या डॉक्टरांकडे वळली. "मग कळवते, सर. चौदा नंबरच्या काकांचे बत्तीस आहेत."

प्राचार्यबाईंचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. अध्यक्षांनी फाईल उलटली. "इथे तर अठरा लिहिलेत."

"कागदावर अठरा आहेत, सर. काकांच्या छातीत बत्तीस आहेत."

डॉक्टर पुढचं ऐकायला थांबले नाहीत. जाता जाता त्यांनी टेबलावरचा चिमटा उचलला. शंका त्यांच्यामागे धावली. काकांचे ओठ निळसर पडले होते आणि ते बोलत नव्हते. ऑक्सिजन लागला, स्ट्रेचर आला. मोडलेल्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली होती. पायाची शीर, मोठी शीर, हृदयाची उजवी बाजू, मग फुप्फुस: हा रस्ता शंकाने पाच गुणांसाठी पाठ केला होता. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा तिला तो सगळाच्या सगळा आठवला आणि रडू कोसळलं.

काका वाचले. कॉलेजचीही मान्यता वाचली. समितीने अहवालात लिहिलं, 'नोंदी अत्यंत सुबक व एकसारख्या आहेत.' शंकाला समितीसमोर अनावश्यक माहिती दिल्याबद्दल समज देणारं पत्र मिळालं. त्याच आठवड्यात सूचनाफलकावर नवा कागद लागला: यापुढे सर्व रुग्णांचा श्वासदर अठरा लिहू नये; सोळा, अठरा व वीस असे आलटून पालटून लिहावे.

इन्चार्ज सिस्टरनी तो कागद वाचला, काढला आणि घडी करून खिशात घातला. काकांना स्ट्रेचरवरून नेलं त्या दिवसापासून त्यांचा डबा न उघडता घरी जात होता. शंकाला त्यांनी बाजूला बोलावलं.

"मीही मोजायचे गं, तुझ्याएवढी होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "एक ते पंधरा तू घे. सोळापासून मी घेते. वेळ लागला तर लागू दे. फायली बसतील रडत."

बारा दिवसांनी शिंपीकाका वॉर्डात परतले, गालफडं बसलेली, पण डोळे मिश्कील. शंकाने मनगट धरलं, नजर छातीवर ठेवली. मिनिट संपायच्या आतच ते म्हणाले, "नाडीचं सोंग पुरे. माप घ्यायचं काम माझंही आहे, मला कळतं. किती भरले?"

"तुम्ही बोललात, आता पहिल्यापासून मोजायला लागणार," शंका म्हणाली, आणि घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट बघत राहिली.