रतनचा वाटा

कोलशेतच्या हौसाबाई कोळणीचा आवाज नौपाड्याच्या बाजारात असा लागायचा की पापलेटाची घासाघीस करणारं गिऱ्हाईक मुकाट पिशवी पुढे करी. पण त्र्याण्णव साली धाकट्या मालूला घेऊन ती डॉक्टर मंदाकिनीच्या दवाखान्यात आली, तेव्हा तोच आवाज कुजबुजीएवढा झाला होता. थोरली रतन तीन वर्षांपूर्वी दाढेच्याच दुखण्याने गेली होती. ठणका लागला तेव्हा लवंग चेपली, मिश्री लावली, अंगारा लावला. मग गाल सुजला, ताप चढला आणि दातखिळी बसली. शेवटच्या दिवशी पोरीने खुणेने लिमलेटची गोळी मागितली. गोळी आणली, पण तोंडच उघडेना. ती गोळी हौसाबाईच्या मुठीत विरघळली. तो चिकटपणा तिला अजून तळहाताला जाणवायचा.

आता बारा वर्षांची मालू म्हणत होती, उजवीकडे दाढेत घास अडकतो. रतनचीही उजवीच बाजू.

“काडून टाक गो बाय,” हौसाबाई म्हणाली. “रतन बोलवतेय तिला. दात घे, पन माजी पोर ठेव.”

मंदाकिनी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. तिने चिमुकला एक्स-रे काढून उजेडाला धरला. दोन दाढा एकमेकींना टेकतात नेमक्या तिथे एक पुसट डाग होता. हौसाबाईने डोळे मिटून घेतले.

“मावशी, कीड नुकतीच लागतेय. भोक पडलंय की नाही ते आधी बघू. उगाच चांगली दाढ कशाला घालवायची?”

डॉक्टरने त्या दाढांच्या मध्ये रबराची एक बारीक रिंग सरकवली. तिच्यामुळे दाढा किंचित बाजूला होणार होत्या, मग आतलं दिसलं असतं. परवा या, म्हणाली.

ते दोन दिवस हौसाबाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. मालू गाल धरून बसे, आणि घरात लवंगेचा वास येई. लवंग घरात नव्हतीच. रतन गेली तेव्हा हौसाबाईने डबीच खाडीत भिरकावली होती. शहाणी माणसं याला मनाचे खेळ म्हणतात. म्हणोत बापडी, त्यांची पोरं धडधाकट आहेत.

तिसऱ्या दिवशी रिंग काढली. फट पडली होती. मंदाकिनीने आरसा आत धरून हलक्या हाताने चाचपलं आणि हसली.

“भोक नाही! खडूसारखा पांढरा डाग आहे नुसता. कोरायचं नाही, काढायचं नाही. फ्लोराइडचा लेप लावते. फट आपोआप मिटेल. डाग आहे तिथेच थांबू शकतो, पण त्याला खाऊ घालायचं नाही.” मग तिने मालूची हनुवटी वर केली. “डावीकडे सगळं स्वच्छ आहे. उजव्या गालात काय धरून ठेवतेस गं?”

मालूने आईकडे बघितलं. “तायचा वाटा.”

हौसाबाईने तळहात पदराला पुसला आणि सगळं सांगून टाकलं. रोज दिवेलागणीला ती रतनच्या फोटोपुढे लिमलेटची गोळी ठेवी आणि मग ती मालूला देई. चावायची नाही, कारण रतनला चावता आलं नव्हतं. उजव्या गालातच धरायची, रतनचा तोच गाल उपाशी राहिला होता. वर पाणी प्यायचं नाही, चूळ भरायची नाही. तायच्या तोंडची चव धुवायची नाही. तीन वर्षं तिने एकीला जेवू घातलं होतं, दुसरीच्या दाढेतून. रतन कुणाला बोलवत नव्हती. बोलावणं आईच धाडत होती.

“बंद करावं लागेल, मावशी,” मंदाकिनी हळूच म्हणाली. “नाहीतर पुढच्या वेळी खरंच भोक दिसेल.”

हौसाबाईने मान डोलावली. पण मेलेल्या पोरीला आजपासून तुला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी तिने दिवा लावला, गोळी ठेवली, हात जोडले. मालू सवयीने पुढे येऊन बसली आणि तिने आ केला. लवंगेचा वास दाटून आला.

“तू नाय,” हौसाबाई म्हणाली. “जा, चूळ भर.”

मालू मोरीकडे गेली. हौसाबाईने गोळी उचलली आणि मिश्रीने काळ्या पडलेल्या आपल्याच दातांमागे, उजव्या गालात सारली.

“ये गो रतन,” ती फोटोला म्हणाली. “आता माज्या तोंडानं खा.”