खंडेनवमीचा रंग

“बद्री, मिस्तरी हायस का कोन हायस रं तू?” रंगरावतात्या सकाळच्या पारीच माझ्यावर डाफरलं. “जीपखाली ही तेलाची थारोळी बघ! दोन डाव सील बदाललंस. गळतंय ते गळतंयच!”

लोनीला हायवेच्या कडंला माझं ग्यारेज हाय. मी तरी कशाला ऐकून घेतोय? “तात्या, गाडी खड्ड्यातनं दनादना आदळता, मंग सील काय करंल?”

“नाचता येईना, अंगन वाकडं! गोदा आत बसल्यावर मी तिसाच्या वर काटा जाऊ देत न्हाय.”

तात्यांची कारभारीन, गोदाकाकू, जीपमधीच बसल्या व्हत्या. पाय सुजून टम्म झाल्यालं. त्यांच्या किडन्या गेल्याल्या. आठवड्यातनं दोन डाव पुन्याला न्यायचं, मशिनीवर रगत साफ करायला. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. नंबर चुकला की अंगात पानी चढायचं आन दम लागायचा. त्या जीपवर काकूंचा जीव चालला व्हता, आन ही गोष्ट मला पक्की ठावी व्हती.

“नका वरडू त्याला,” काकू म्हनल्या. “खंडेनवमीला किती झ्याक रंगावली त्यानं गाडी! पार खालनंसुदिक. कुनी करतंय का फुकाट?”

हत्याराची पूजा म्हंजी नुसतं हळद-कुकू न्हाय, आसं माझा बा म्हनायचा. म्हनून दर खंडेनवमीला जवळच्या मान्सांच्या गाड्या मी खालनं काळ्या रंगानं रंगवतो. काकूंनी त्या दिशी मला पुरनपोळी खाऊ घातली आन गावभर माझं कवतिक केलं.

मागच्या दोन चाकांच्या मधी लोखंडी गोळा आसतो, डिफरन्शल म्हन्त्यात त्याला. त्याच्या तोंडाचं, तेल आडवनारं रबरी सील मी तिसऱ्यांदा बदाललं. नवं तेल भरलं. वर तोऱ्यात बोललो, “आता टिपूस पडला तर मिशी काढीन, तात्या!”

गुरवारी हडपसरात गोळा कडाकडा वाजला आन मागली चाकं जाम झाली. ट्राफिक तुंबल्यालं, रिक्षा थांबंना. तात्या काकूंना घिऊन दवाखान्यात पोचलं तवा तीन तास उशीर झाल्याला. नंबर दुसऱ्याला गेल्याला. “उद्या सकाळी या,” दवाखान्यावालं म्हनलं. सकाळी मशिनीवर घ्यायच्या आधीच काकूंनी जीव सोडला.

जीप वढून माझ्याच दारात आली. गोळा खोलला तर आत तेलाचा थेंब न्हाय, दातं जळून निळं पडल्यालं. राकेल लावून फडक्यानं पुसत गेलो आन हात थांबला. गोळ्याच्या वरच्या अंगाला बोटाएवढं बोंड आसतं. गोळा तापला की आतली गरम हवा त्याच्या भोकातनं भायेर पडती. त्या भोकावर काळा रंग बसला व्हता, चांगला जाडजूड. हवेला वाट न्हाय, मंग ती तेलाला रेटून सीलातनं भायेर काढायची. शंभर सीलं बदालली आसती तरी गळलंच आसतं.

रंग माझा. बरश माझा. तिन्ही डाव खालनं बघितलं, वर एकदा बोट फिरवलं न्हाय. लई रडलो, खोटं कशाला सांगू. मिशी त्याच दिशी उतारली.

रंग खरवडला, पार्ट बदाललं, गाडी उभी क्येली. तेरावं झाल्यावर तात्या आलं. डोकं भादरल्यालं, डोळं आत गेल्यालं.

“घावली का गळती?”

“घावली, तात्या.” मी समदं सांगितलं. बोंड त्यांच्या हातावर ठिवलं. वाटलं, आता पाना उचालत्याल आन माझ्या टाळक्यात घालत्याल. घातला आसता तर बरं झालं आसतं.

तात्यांनी ते बोंड लई येळ बोटात फिरावलं. मंग माझ्या हातात परत दिलं.

“हे कुनाला सांगू नगंस, बद्री,” ते म्हनलं. “ती जाईल तितं तुझ्या रंगाचं कवतिक करायची. आता तिला खोटी पाडू नगंस.”

मी बोंड बसावलं. तात्या येकटंच जीप घिऊन गेलं. गाडी उभी व्हती तितं मी वाकून बघितलं. जिमीन कोरडी ठाक व्हती.