मुनियांडीचा तळहात

सेंतुलमध्ये आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. रेल्वे कारखान्याच्या बॉयलर शॉपमध्ये वर्षानुवर्षं लोखंडी रिव्हेट ठोकून पुरुष बहिरे झाले आणि त्यांच्याशी बोलून बोलून आम्हा बायकांचे आवाज चढले. क्वालालंपूरच्या बाकीच्या वस्त्या आम्हाला भांडखोर म्हणतात. म्हणेनात का!

शेजारचा मुनियांडी तर ठार बहिरा. तरी बॉयलर शॉपमधलं काम सुटल्यावर त्याने दहा वर्षं रेल्वेच्या डब्यांची चाकं तपासली. काम खरं कानाचं. हातोडी मारायची, खणखणलं तर चाक धड, बद्द वाजलं तर तडकलेलं. हा पठ्ठ्या डावा तळहात चाकावर टेकवून थरथर ओळखायचा. एकदाही चुकला नाही, आणि आम्ही वस्तीने साहेबांना पत्ता लागू दिला नाही.

यंदा डॉक्टरी तपासणीत बिंग फुटलं. नोकरी गेली, महिनाअखेर क्वार्टर सोडायची चिठ्ठी आली, त्याने गाठोडीही बांधली. घर वाचायचं तर त्याच्या मुलीने, अंजलैने, त्याच जागेची परीक्षा पास व्हायला हवी होती. जागा एक, उमेदवार तीन.

त्या दिवशी आम्ही सगळे कुंपणाला चिकटून उभे. सहा चाकं, त्यातलं एक तडकलेलं. परीक्षा सुरू झाली आणि शेजारच्या बॉयलर शॉपमध्ये रिव्हेट ठोकायलाही तेव्हाच सुरुवात झाली. आत आमचेच पुरुष. थांबा म्हणून ओरडलो, पण बहिऱ्यांना ऐकू कुठून जाणार! दोघा पुरुष उमेदवारांपैकी कान लावून लावून एकाने दुसरं चाक सांगितलं, एकाने पाचवं.

अंजलैने डावा हात चाकावर टेकवला.

"अगं, कानाने ऐक!" साहेब ओरडला.

"तुमचंच ऐकू येत नाहीये साहेब, चाकाचं काय येणार?" आणि थोड्या वेळाने, "चौथं!"

"अंदाजपंचे!" ते दोघे ओरडले.

साहेबाने चौथ्या चाकावर तेल फासायला लावलं, पुसून वर खडूची भुकटी मारली. तडीत मुरलेलं तेल वर आलं आणि भुकटीत केसाएवढी काळी रेघ उमटली. मी रडले, लपवत नाही.

"काय झालं? रासम्माक्का, काय झालं?" मुनियांडी मला हलवून विचारत होता.

अंजलै धावत आली. बापाचा तळहात कुंपणाच्या जुन्या रुळावर ठेवला आणि हातोडी हाणली. धड चाकाची असते तशी ती थरथर विरेपर्यंत त्याने हात काढला नाही.

"मग बघत काय बसलात?" तो सगळ्यांवर खेकसला. "गाठोडी सोडा माझी! चहाचं पातेलं त्यात बांधलंय."