समुद्राच्या तळचं गोडं पाणी

शंभूने पखाल नावेत ओढून घेतली, तोंडाची दोरी सोडली आणि पहिला वाडगा हमीदच्या हातात दिला. म्हातारा डोळे मिटून प्याला आणि उरलेलं पाणी त्याने शंभूलाच दिलं. समोर बसलेल्या दत्तप्रसादला कुणी विचारलं नाही.

दत्तप्रसाद पाणी खात्यातला इंजिनियर, पुण्याचा. बहारीनच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत. ते मोजायचं काम त्याच्याकडे होतं. हमीद तरुणपणी मोती काढायच्या नावांवर पाणबुड्या होता. खाऱ्या समुद्रात बुडी मारून गोड्या पाण्याच्या पखाली भरून आणायचा. आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दत्तप्रसादने दोन वर्षं त्याची मनधरणी केली, पण म्हातारा 'इंशाल्ला'च्या पुढे गेला नाही. आणि देवगडचा शंभू, खात्याच्या नावेवरचा साधा खलाशी, महिन्याभरात त्याचा लाडका झाला. झऱ्याची जागा हमीदने दाखवली ती शंभूला.

पुण्यात असताना पोहण्यात आपण दोन पदकं मिळवली होती, हे दत्तप्रसाद त्या दिवसांत बायकोला वरचेवर सांगू लागला. शंभूची बुडी कशी गावठी आहे, हेही सांगे. अरुणा ऐकून घेई आणि भाजी वाढी.

उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या बागांचे पंप जमिनीखालचं तेच पाणी दिवसभर उपसत, तेव्हा झरा मंदावे आणि पाण्यात मीठ वाढे. थंडीत पंप थांबले की तो पुन्हा जोर धरी. एकोणऐंशी सालच्या थंडीत मात्र तसं झालं नाही. दत्तप्रसादने केबलवर सोडलेलं यंत्र दर फेरीला जास्त मीठ दाखवू लागलं. पंप आवरले नाहीत तर झरा जाईल, असा अहवाल त्याने दिला. पण हमीद तेच पाणी पीत होता, आणि साब की मशीन बिगड गयी है, असं मीना सलमान बंदराच्या धक्क्यावर सगळ्यांना सांगत होता. ऑफिसात लोक हसू लागले.

पुढच्या फेरीला दत्तप्रसाद यंत्र घेऊन शंभूच्या बाजूला, मागे जाऊन बसला. शंभूने बुडी मारायला पखाल उचलली, तेव्हा ती आधीच भरलेली होती. दोघांची नजरानजर झाली.

"नईम मोहल्ल्यातल्या दुकानातला पाणी आसा, सायब," शंभू हळूच म्हणाला. "खालचा खारट झालाहा. तेंका सांगू नकात."

आणि त्याने उडी घेतली.

दत्तप्रसादला आनंदच झाला. आता एका वाक्यात शंभूचं कौतुक संपणार होतं, अहवालही खरा ठरणार होता. शंभू वर आला. हमीद प्याला, आणि आज पहिल्यांदाच त्याने वाडगा चाचपडत दत्तप्रसादपुढे धरला.

"चख के देखो, इंजिनियर साब."

दत्तप्रसादने शंभूकडे पाहिलं. शंभूच्या अंगावरून पाणी निथळत होतं. तो खाली मान घालून उभा होता. दत्तप्रसादने वाडगा रिकामा केला.

"मीठा है," तो म्हणाला.

अहवालाबद्दल साहेबांनी विचारलं, म्हातारा पाणी पितो ते कसं? यंत्र पुन्हा तपासतो, असं दत्तप्रसाद म्हणाला. आणखी एक वर्ष मोजा, असा शेरा पडला.

मार्चात शंभू दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेला. जाताना पखाल तेवढी दत्तप्रसादच्या टेबलाखाली ठेवून गेला. दत्तप्रसादने नईममधून पाणी आणलं, भरली पखाल घेऊन बुडी मारली, आणि शंभूपेक्षा अंमळ जास्तच वेळ खाली राहिला. वर येऊन त्याने धापा टाकत वाडगा भरून दिला.

हमीद सावकाश प्याला.

"अच्छा है," तो म्हणाला. "मगर शंभू का पानी ज्यादा मीठा होता है."

संध्याकाळी घरी न जाता दत्तप्रसाद नईममधल्या त्या दुकानात गेला. शंभू नेमकं कुठल्या टाकीतलं पाणी नेतो, असं त्याने विचारलं. टाकी एकच आहे, असं दुकानदाराने सांगितलं. दत्तप्रसादने ती दाखवायला लावली.