सहाशे रिळं

बँकेच्या स्टाफानने ताळेबंदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि इंगेलाचं डोकंच फिरलं. तेवीस वर्षं ती मालक टूर्डच्या केबल कारखान्याचे हिशेब लिहीत होती. आजवर असं बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. स्टाफानचं म्हणणं एवढंच, की गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे त्याला कळतात. माल दिला, बिल केलं. पण त्याखालच्या ओळीत ही ‘इतर येणी’ कसली? ज्यांना तुम्ही काही विकलंच नाही, ते तुम्हाला तीन लाख क्रोनर कशाला देतील?

इंगेलाने समजावून सांगितलं. तांब्याची तार लाकडी रिळांवर येते, चांगल्या कमरेएवढ्या. तारवाला प्रत्येक रिळामागे पाचशे क्रोनर अनामत घेतो, रीळ धड परत गेलं की पैसे परत देतो. अशी सहाशे रिळं मागच्या आवारात साठली होती. स्टाफान म्हणाला, सोमवारी नऊला येऊन मोजतो. असली तर नव्या मशीनला कर्ज. नसली तर ही ओळ मी धरणार नाही, मग कर्जही विसरा. जुनं मशीन उन्हाळा काढणार नव्हतं आणि कारखान्यावर एकतीस घरं चालत होती.

“खुशाल मोजा,” इंगेला तोऱ्यात म्हणाली.

त्याची पाठ फिरताच ती आवार सांभाळणाऱ्या येर्करला घेऊन मोजायला गेली. रिळं भरली चारशे अकरा. तिने पुन्हा मोजली, तरी चारशे अकराच.

“बाकीची कुठायत?”

येर्कर टोपी चाचपायला लागला. “गावात. ऑगस्टात झिंगे खायला अंगणात टेबल लागतंच ना सगळ्यांना. रीळ आडवं टाकलं की झकास टेबल होतं.”

“अरे मेल्या, लोकांनी टेबलं नेली नाहीत, आपलं मशीन नेलंय!”

पण रागावत बसायला वेळ कुणाला होता? शुक्रवारी दुपारी वाण्याच्या दुकानाच्या दारावर तिने कागद चिकटवला: रीळ आणा, रंगवलेलं चालेल, मोडलेलं नको. आणि शनिवारी सकाळपासून काय धमाल उडाली म्हणता! चर्चच्या उतारावरून रिळं गडगडत आली. पाद्रीबाईंनी स्वतः दोन लोटत आणली. दातांच्या डॉक्टरांचं रीळ हिरड्यांसारखं इतकं लाल होतं, की टूर्ड हसून हसून बेजार झाला. बायका थर्मासमधून कॉफी आणि वेलचीचे पाव घेऊन आल्या, आणि दर दहा रिळांमागे येर्कर ओरडून आकडा सांगत होता. इंगेलाला इतका आनंद किती वर्षांत झाला नव्हता.

रविवारी दुपारी आकडा पाचशे अठ्ठ्याऐंशीवर अडला. अकरा रिळं पोरांनी एप्रिलअखेरच्या वाल्बोरी सणाच्या शेकोटीत घातली होती, असं येर्करने कबूल केलं. मग राहिलं एक. येर्कर बुटांकडे बघत म्हणाला, “ते तुझ्याकडे आहे.”

तिच्या ओसरीवर निळं टेबल होतं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या रूनने, तिच्या नवऱ्याने, लिलावात स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं. ती घरी गेली, वरची कुंडी उचलली, टेबलक्लॉथ ओढला. खाली तारवाल्याचा शिक्का.

“लबाड,” ती म्हणाली आणि हसता हसता रडली. मग तिने ते एकटीने कारखान्यापर्यंत लोटत नेलं. मदतीला आलेल्या कुणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी नऊला स्टाफानने मोजली. लाल, पिवळी, कॉफीच्या डागांची, एक निळं. पाचशे एकोणनव्वद. वहीवर पेन टेकवून त्याने विचारलं, “अकरा कमी का?”

“जळाली. साडेपाच हजार मी सकाळीच वजा केलेत, हे बघा.”

“आणि ही रंगवलेली कुठून आली?”

“इतर येणी,” इंगेला म्हणाली. “गावाकडे होती, वसूल झाली.”

स्टाफानने वाकून त्या निळ्या रिळावरचा शिक्का पाहिला. मग त्याने वही मिटली.

“नवं मशीन कुठे बसवणार,” तो म्हणाला, “ती जागा दाखवा.”